त्या पिशवीबद्दल खुलासा

सोलापुरी चादरीची पिशवी मी टीव्हीवर दहा मिनिटांत शिवली ती माझी नव्हतीच, आधीच आणून ठेवली होती, असं ग्रुपवर फिरतंय. अर्धं खरं आहे. आणून ठेवल्या होत्या, पण चार, आणि चारही माझ्याच: एक नुसती बेतलेली, एक अस्तर लावलेली, एक बंद लावायचे बाकी असलेली, एक पुरी. दोन रात्री जागून घरीच शिवल्या. चादरीचे चार पदर एकावर एक आले की सुई कट्कन मोडते. ते कॅमेऱ्यासमोर कोण बघत बसणार?

जवळून दिसलेले हातही माझेच. नखातली हळद दिसली म्हणून हात धुवायला लावून तेवढा भाग परत घेतला, म्हणून बांगड्या मध्येच मागे-पुढे झाल्यात.

चूक एकच, आणि ती कुणी पकडलीच नाही! चादरीला मी ‘हातमागाची’ म्हणाले. ती जेकार्डच्या, म्हणजे नक्षी विणायची यंत्रणा बसवलेल्या, यंत्रमागावरची आहे.