एक एकराखाली परवाना नको? अर्धंच खरं

‘अमेरिकेत एक एकरापेक्षा कमी जमीन उकरली तर पावसाच्या पाण्याचा परवाना लागत नाही’ असा मेसेज बांधकाम कंत्राटदारांमध्ये फिरतोय. (हा परवाना म्हणजे बांधकामाच्या जागेवरून पावसात वाहून जाणाऱ्या गढूळ पाण्यासाठीची परवानगी.) कृपया त्या मेसेजवर विसंबू नका. संघीय नियमात १ एकराची मर्यादा आहे, हे खरं. पण प्लॉट मोठ्या आराखड्याचा भाग असेल तर मोजमाप पूर्ण आराखड्याचं होतं. म्हणजे ५ एकरांच्या नव्या वसाहतीत पाव एकरावर एकच घर बांधणाऱ्यालाही परवाना लागतो. राज्याचे नियम याहून कडक असू शकतात.

आणि परवाना लागो न लागो, काँक्रीट धुतलेलं पांढुरकं पाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटाराच्या जाळीत ओतू नका. ते तीव्र अल्कधर्मी असतं, आणि बहुतेक ठिकाणी जाळीतलं पाणी शुद्धीकरणाविनाच ओढ्यात जातं. मासे मरतात त्यानं.