तळमजल्याचा तोटा

नौपाड्यातल्या जुन्या इमारती एकेक करून पुनर्विकासाला जातायत आणि त्यांतलं सामान माझ्या घरी येतंय. भाड्याच्या जागेत जे मावत नाही ते कुठे ठेवायचं, तर याच्याकडे. याचा तळमजला आहे ना!

पलीकडच्या गल्लीतल्या काकूंनी तांब्याचा बंब आणला, सोबत कोरफडीची कुंडी. "असू दे रे कोपऱ्यात. दोन-तीन वर्षांचाच तर प्रश्न आहे." (बिल्डरच्या शब्दावर एवढी श्रद्धा मी फक्त नौपाड्यात पाहिली.)

परवा त्या बंबाला भेटायला आल्या. "झाकण कुठाय?"

झाकण आलंच नव्हतं, हे माझं म्हणणं. घासून, पुसून दिलं होतं, हे काकूंचं. मेहुणा नेमका चहाला आला होता. तो ठाणे कोर्टात वकिली करतो.

"भारतीय करार कायदा, १८७२, कलम १५१. सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी तुम्ही घ्यायची. घेतली असेल, तर हरवलं तरी कलम १५२प्रमाणे तुम्ही सुटलात."

'शहाणा' ऐकून बायको उगाच खोकली.

"पण मी एक पैसा घेतलेला नाही!"

"फरक पडत नाही. फुकट सांभाळणारा काय नि गोदामवाला काय, काळजीचं माप एकच." जुन्या इंग्रजी कायद्यात म्हणे फुकटवाल्याला थोडी सूट होती. आपल्यासाठी लिहिताना साहेबानं नेमकी तीच गाळली. आता झाकण दिलं होतं हे काकूंनी दाखवायचं, आणि नीट सांभाळलं हे मी.

"बंब घासायला पितांबरी लागली, तिचे पैसे?"

"कलम १५८. आवश्यक खर्च मागता येतो. पण बंब चमकणं आवश्यक होतं का, यावर वाद होईल."

एवढ्यात काकूंचं लक्ष कोरफडीकडे गेलं. तिला पिल्लं फुटली होती. मी ती कौतुकानं वेगळ्या कुंड्यांत लावली होती, माझ्या पैशांच्या.

"कलम १६३," मेहुणा बिस्किट बुडवत म्हणाला. "कायद्यातच उदाहरण आहे. सांभाळायला दिलेली गाय व्यायली, तर वासरूही मालकाचं."

काकूंनी वासरं मोजून घेतली. मग मोठ्या मनानं म्हणाल्या, "झाकणाचं सोडून देते मी. तेवढं शिलाई मशीन ठेवून घे." मशीन बाहेर रिक्षात होतंच.

या वेळी मी लेखी यादी मागितली. काकूंनी तिथल्या तिथे पाठपोट कागद भरला: मशीन, पट्टा, बॉबिन, सुया. सहीच्या वर ठळक अक्षरांत, खाली दोन रेघा मारून: 'झाकण दिले आहे.'