अण्णांनी पपी पाळला

लाईटवेट लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी हलकी सिस्टीम) म्हणून जे काही असतं ना, ते लाईट फक्त कॉम्प्युटरला असतं. बाकी सगळं वजन घरातल्या त्या एका माणसावर येतं ज्याने कधीतरी जेवताना "जुन्या मशीनवर पण चालेल असं काहीतरी असतं म्हणे" हे वाक्य बोललेलं असतं. आमच्याकडे ते मी बोलले. नवरा आयटीत आहे, पण त्याचं म्हणणं "मी जावामध्ये आहे, हार्डवेअर माझा एरिया नाही", आणि मुलगा मोबाईलपलीकडे कशाला कॉम्प्युटर मानत नाही, त्यामुळे सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, जुन्या पेंटियम फोर कॉम्प्युटरचं पालकत्व माझ्याकडे आलं.

अण्णा सोसायटीचे सचिव. रिटायर्ड, त्यामुळे फुल टाईम सचिव. मशीनमध्ये एक जीबी रॅम (चालू कामापुरती मेमरी, बंद केलं की रिकामी), वर आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, शिवलेलं कापडी कव्हर, आत विंडोज एक्सपी. एक दिवस हार्ड डिस्क कटकट कटकट आवाज करून गेली. आता एक्सपीचा सपोर्ट २०१४ लाच संपला होता, म्हणजे मशीन निवृत्त करायला इतकं छान निमित्त मिळालं होतं, पण अण्णा म्हणाले, "डिस्क गेलीय ना, मशीन कुठे गेलंय?" आणि मी ते वरचं वाक्य बोलले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पपी लिनक्स ही ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर नावाच्या माणसाने २००३ मध्ये सुरू केलेली चिमुकली सिस्टीम आहे, हार्ड डिस्क नसली तरी सीडीवरून किंवा पेन ड्राईव्हवरून उठते आणि अख्खीच्या अख्खी रॅममध्ये जाऊन बसते. नाव त्यांच्या चिहुआहुआ कुत्र्यावरून. मला हे वाचून फार आवडलं होतं. वाचून आवडणं आणि डोंबिवलीत ब्लँक सीडी मिळवणं यात फार अंतर आहे हे नंतर कळलं. तीन स्टेशनरीवाले हसले, एकाने "कशाला, पक्ष्यांना घाबरवायला?" असं विचारलं (गॅलरीत कबुतरांसाठी टांगतात लोक, त्याचंही बरोबर आहे). पेन ड्राईव्हवरून करता आलं असतं, पण अण्णांचा बायॉस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम) इतका जुना की यूएसबीवरून बूट होणं म्हणजे काय हेच त्याला माहीत नाही. शेवटी एका फोटो स्टुडिओवाल्याकडे लग्नाच्या अल्बमसाठी आणलेल्या सीडी पडून होत्या त्या मिळाल्या.

आमच्या घरातला एकही लॅपटॉप सीडी बर्न करू शकत नाही, म्हणून तेही स्टुडिओतल्या मुलालाच सांगितलं. त्याने आयएसओ फाईल (अख्खी सीडी एका फाईलमध्ये बांधलेली असते ती) इमेज म्हणून न लिहिता, म्हणजे सीडीवर उलगडून न देता, साधी कॉपी करून दिली. म्हणजे सीडीवर एकच फाईल, मशीन म्हणतंय ऑपरेटिंग सिस्टीम नाही, आणि मुलगा म्हणतोय "मॅडम, फाईल आहे ना त्यात?" आहे रे बाबा. दुसऱ्या सीडीला त्याच्या खुर्चीमागे उभी राहिले. ती बरोबर लिहिली गेली, पण त्यात नवऱ्याने "लेटेस्ट घ्यावं" म्हणून डाऊनलोड केलेलं फोसापप६४, म्हणजे पपीची ६४ बिटवाली आवृत्ती, होतं, आणि पेंटियम फोरने काळ्या स्क्रीनवर दोन ओळींत कळवलं की याला ६४ बिटवाला सीपीयू लागतो आणि मला इथे फक्त आय६८६, म्हणजे ३२ बिटवाला, दिसतोय. नवरा म्हणाला, "बघ, एरर मेसेज किती क्लिअर आहे." जावावाल्यांना याचंच कौतुक.

मग बायोनिकपप३२, पपीची ३२ बिटवाली आवृत्ती. डिलीट दाबत दाबत बायॉसमध्ये शिरायचं, सीडी वर आणायची, एफ-टेन, येस, आणि हो, चालू झालं! काळ्यावर रंगीत ओळी सरकल्या, डेस्कटॉप आला आणि स्पीकरमधून "भू! भू!" मोठ्याने. पपी पहिल्यांदा उठला की भुंकतो, तसं त्यांनी केलेलंच आहे. आता योगायोग असा की अण्णा त्या आठवड्यात "पाळीव प्राणी लिफ्टमधून नेऊ नयेत" अशी नोटीस काढणार होते आणि समोरच्या ब्लॉकमधल्या काकू, ज्यांच्याकडे पामेरियन आहे, त्या आवाज ऐकून दारात. "सचिवांनी पण आणला का?" अण्णांनी त्यांना आत नेऊन कॉम्प्युटर दाखवला. त्यांचा विश्वास बसला नाही. अजूनही नाहीये.

पुढचा प्रॉब्लेम डबल क्लिकचा. पपीत एका क्लिकमध्ये गोष्ट उघडते. अण्णांनी आयुष्यभर डबल क्लिक केलंय, आणि तेही ठासून, त्यामुळे प्रत्येक गोष्ट दोनदा उघडायची. दोन ॲबीवर्ड (टायपिंगचा प्रोग्राम), दोन कॅल्क्युलेटर, आणि ब्राऊझर दोनदा उघडला की एक जीबी रॅम हात वर करायची. मी म्हटलं, अण्णा, एकदाच दाबा. ते म्हणाले, "एकदाच दाबलं तर त्याला कळतं का?"

मराठीचा किस्सा वेगळाच. लोहित नावाचा फॉन्ट कॉपी केला, मराठीच्या जागी दिसणारे चौकोन गेले, अक्षरं आली. कीबोर्डला इन्स्क्रिप्ट ही मराठी टायपिंगची पद्धत लावली. पण अण्णांचे हात मराठी टाईपरायटरवर घडलेले. तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण ती कागदावर आधी येते, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या मराठीत, अक्षर आधी, वेलांटी मागून. शब्दाच्या सुरुवातीला वेलांटी मारली की ती बिचारी टिंबांच्या गोलावर बसायची, मधे मारली की मागच्या अक्षराला जाऊन चिकटायची. त्यामुळे पहिल्या नोटीशीवर खाली सही "सिचव", वर "व्यवस्थापन सिमती", आणि मजकुरात टाकी धुण्याचा "दिवस" होता तोही काहीतरी भलताच झालेला. ती तशीच लिफ्टपाशी लागली. आता बी विंगमधली कॉलेजची पोरं अण्णांना सिचवकाका म्हणतात. स्पेलिंग चुकलं असं अण्णा मानत नाहीत, मशीनने उलटं लावलं म्हणतात, आणि खरं सांगायचं तर यात मी त्यांच्या बाजूने आहे, चाळीस वर्षं जे बरोबर होतं ते एका दिवसात कसं चुकीचं होईल.

पण खरी मारामारी सेव्हवरून. पपी सगळं रॅममध्ये करतो, म्हणजे बंद केलं की गेलं. म्हणून पहिल्यांदा बंद करताना तो विचारतो, सेशन सेव्ह करायचं का, कुठे करायचं, फाईल केवढी ठेवायची. अण्णा सरकारी नोकरीतले. कोणी काही मंजूर कराल का विचारलं की आधी "नाही". दोन तास खपून टाईप केलेली पाणीकपातीची नोटीस, फॉन्ट, कीबोर्ड, सगळं त्या एका "नो"मध्ये गेलं. दुसऱ्या दिवशी परत भू भू, परत स्वागताची खिडकी, जणू आपली कधी भेटच झाली नव्हती. मी सगळं पुन्हा केलं आणि सेव्हफाईल, म्हणजे ते सेव्ह केलेलं सेशन, पेन ड्राईव्हवर ठेवली. बूट यूएसबीवरून होत नसलं तरी चालतं, पपी उठताना सेव्हफाईल शोधतोच. आता सुटले म्हणून चहा टाकला.

तो पेन ड्राईव्ह आईंनी टीव्हीला लावला. त्यांच्या मैत्रिणीने त्यात भजनं भरून दिली. सकाळी अण्णांच्या मशीनला सेव्हफाईल दिसेना, त्याने कुरकुर न करता नवा कोरा डेस्कटॉप दिला आणि भुंकला. अण्णा हादरले. "सगळं गेलं परत!" काहीच गेलं नव्हतं, सगळं टीव्हीच्या मागे हरिपाठाशेजारी सुरक्षित होतं. मी पेन ड्राईव्हवर पांढरी पट्टी लावून "अण्णा – हात लावू नये" लिहिलं, त्यावर आई म्हणाल्या, "भजनं मग कुठे ऐकायची?" त्यांचाही मुद्दा होता, नवीन पेन ड्राईव्ह आणला.

मग तारखेचं लचांड. आई रात्री बोर्डाचं बटण बंद करतात, आणि मदरबोर्डवरची घड्याळाची बॅटरी मेलेली, त्यामुळे रोज सकाळी सीमॉस चेकसम एरर (मशीन आपली तारीख-सेटिंग विसरल्याची तक्रार), एफ-वन दाबा, आणि मशीनच्या मते १ जानेवारी २००२. २००२ मध्ये बसून कुठलीही साईट उघडा, ब्राऊझर म्हणतो सर्टिफिकेट चुकीचं आहे, यावर विश्वास ठेवू नका. अण्णांना वाटलं इंटरनेटच बंद पडलंय, त्यांनी केबलवाल्याला फोन करून झापलं. इंटरनेट मुळात त्यांच्याच मोबाईलमधून वायर लावून येत होतं, केबलवाल्याचा काही संबंध नव्हता. सीआर२०३२ नावाची चपटी बटणासारखी बॅटरी, घड्याळवाल्याकडे मिळते, मी स्क्रू काढून घातली, मशीन वर्तमानकाळात आलं. नवरा मागे उभं राहून टॉर्च धरत होता. टॉर्च त्याच्या एरियात येतो.

आणि शेवटी ते सीडी प्रकरण. पपी रॅममध्ये गेला की सीडी बाहेर काढली तरी चालतं. हे मी अण्णांना काढून दाखवलं आणि मला वाटतं तिथे मी फसले, कारण माणूस भारावला. हातात सीडी, समोर मशीन चालू. प्रत्येक येणाऱ्याला ते हा प्रयोग करून दाखवतात. कुरियरवाल्याला दाखवला, दूधवाल्याला दाखवला, ऑडिटरला ताळेबंद बाजूला ठेवून दाखवला. "हार्ड डिस्क नाही, सीडी पण नाही, बोला कुठून चालतंय?" ऑडिटर म्हणाले, "क्लाऊड?" अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की बघ, शिकलेली माणसं.

परवा लिफ्टपाशी नवी नोटीस लागलीय. सभासदांचे जुने, बंद पडलेले कॉम्प्युटर रविवारी सकाळी दहा ते एक या वेळेत विनामूल्य चालू करून मिळतील, सीडी सभासदांनी स्वतः आणावी, संपर्कासाठी खाली माझा मोबाईल नंबर. त्याखाली सही, आणि यावेळी "सचिव" एकदम शुद्ध लिहिलंय.