तिकीट कोणाला मिळतं?

गाजलेल्या कार्यक्रमांची मोजकी तिकिटं वाटायच्या जगात तीनच रीती आहेत: ज्याच्याकडे पैसा त्याला, ज्याच्याकडे वेळ त्याला किंवा ज्याचं नशीब जोरावर त्याला. माझ्याकडे तिन्हींची बोंब. त्यामुळे तिकिटं कशी विकतात याचा माझा अभ्यास दांडगा आहे. तिकीट तेवढं नाही.

ऑनलाइन रांगेत पडद्यावर एक चिमुकला माणूस रेघेवरून चालत असतो. चालतो कसला, रेंगाळतो! 'पान रिफ्रेश करू नका' अशी खाली तंबी, म्हणून मी श्वाससुद्धा बेतानं घेतो. अखेर आत घेतात. नकाशावर निळे ठिपके, म्हणजे रिकाम्या खुर्च्या. बोट टेकवावं तोवर ठिपका राखाडी. शेजारचा? तोही गेला. खांबामागचा एक पदरात पडतो, तर पैसे भरायचं घड्याळ उलटं धावायला लागतं आणि शेवटच्या पानावर वरची शुल्कं एकेक करून बाहेर पडतात. अमेरिकेत मे २०२५ पासून सगळी सक्तीची शुल्कं धरूनच किंमत दाखवायचा नियम आहे. म्हणजे तिथे झटका पहिल्याच पानावर बसतो, वेळ तरी वाचतो.

आपल्यापुढे रांगेत कोण असतं, हा खरा प्रश्न. न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी २०१६ मध्ये चौकशी अहवाल काढला. त्यात एक दलाल आहे. यू२ या रॉक बँडच्या न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन सभागृहातल्या एका कार्यक्रमाची १०१२ तिकिटं त्यानं बॉट, म्हणजे आपोआप तिकिटं काढणारा संगणक प्रोग्राम, लावून एका मिनिटात उचलली. मर्यादा माणशी चार! मला एका मिनिटात पासवर्ड आठवत नाही. त्याच वर्षअखेरीस असल्या बॉट्सविरुद्ध कायदा झाला. बॉट्सनी तो वाचला का, कोण जाणे. शिवाय त्याच अहवालानुसार मोठ्या कार्यक्रमांची सरासरी जेमतेम ४६ टक्के तिकिटं सर्वसामान्यांसाठी खुली होत. उरलेली आतल्या गोटात आणि आगाऊ विक्रीत. म्हणजे आपण धक्काबुक्की करतो ती अर्ध्याहून कमी सभागृहासाठी.

माझा भाचा अर्थशास्त्र शिकतो. तो म्हणाला, "मामा, किंमत मुद्दाम कमी ठेवतात म्हणून ही झुंबड. कलाकाराला हावरट दिसायचं नसतं, आणि पुढच्या रांगेत त्याला ओरडणारे चाहते हवे असतात. मग जे पैसे तो सोडतो, ते दलाल खिशात घालतो."

"मग किंमत वाढवा म्हणावं."

"वाढवली की तूच बोंब मारशील."

खरंच मारली असती. ऑगस्ट २०२४ मध्ये ओएसिस या ब्रिटिश बँडच्या तिकिटांसाठी लोक तासन्‌तास ऑनलाइन ताटकळले, आणि नंबर लागला तेव्हा सुमारे १५० पौंडांचं उभ्यानं बघायचं तिकीट ३५५ पौंडांवर गेलेलं दिसलं. मागणीप्रमाणे भाव म्हणे. बसायला खुर्ची नाही, ती नाहीच.

त्यापेक्षा विंबल्डन बरं. तिथे सोडत आहे आणि तंबू ठोकून झोपायची रांगही आहे. रांगेत शिरताच नंबर घातलेलं कार्ड मिळतं, आणि रांगेत कसं वागावं याची मार्गदर्शिकाही आहे. पण जमिनीवर रात्र काढायची म्हणजे कंबर हवी, आणि सोडतीत नाव निघायला कुंडली. आमच्या कुंडलीत कुठलीच सोडत नाही.

शेवटी भाच्यानंच युक्ती सांगितली. दलालाकडे न खपलेलं तिकीट कार्यक्रम सुरू झाला की कचरा, म्हणून पुष्कळदा अखेरच्या तासांत भाव उतरतात. नुसतं दम धरून बसायचं. मी बसलो. भाव खरंच उतरला, आणखी उतरला, मूळ किमतीच्याही खाली आला, आणि मी तिकीट पटकावलं! फुशारकी मारायला भाच्याला फोन लावला.

"गाडी कुठे लावणारेस?" त्यानं विचारलं.

पार्किंगचंही आगाऊ बुकिंग असतं. तेही केव्हाच संपलं होतं, पण एक दलाल विकत होता. तिकिटाच्या दुप्पट भावानं.