जनुक तेच, उंदीर वेगळा
लठ्ठपणाचं जनुक सापडलं की मधुमेहाचंही सापडलं, असं समीकरण एका लेखात वाचलं; ते जरा घाईचं वाटलं. संशोधक डग्लस कोलमन यांचं 'ओबी' नावाच्या लठ्ठ उंदरांवरचं काम बघा. लेप्टिनचं, म्हणजे भूक आवरणाऱ्या संप्रेरकाचं, जनुक बिघडलेलं, म्हणून उंदीर खातच सुटतो आणि गोळ्यासारखा फुगतो. पण उंदरांच्या एका वाणात हाच बिघाड असला तर साखर वाढून पुढे बरीचशी आटोक्यात येते, कारण स्वादुपिंडातल्या बीटा पेशी वाढून भरपूर इन्सुलिन पुरवतात. दुसऱ्या वाणात त्याच पेशी मरतात आणि मधुमेह बळावतो. म्हणजे सोबतची बाकीची जनुकं कोणती, यावर बरंच ठरतं. आणि हो, १९९४ साली लेप्टिन सापडलं तेव्हा लठ्ठपणावर औषध मिळालंच म्हणून केवढा गाजावाजा झाला! बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात ते आधीच जास्त असतं, म्हणजे वरून देऊन फारसा उपयोग नाही, हे नंतर कळलं.