ऐरोलीच्या ताईंना उत्तर: मालिका म्हणजे दुधाचा रतीब

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण त्यातलं बरंचसं मला लागलं, आणि खरं होतं म्हणूनच लागलं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की एका वेळी एकाच ओटीटीचे, म्हणजे इंटरनेटवरून सिनेमे-मालिका दाखवणाऱ्या ॲपचे, पैसे भरा, महिनाभर हवं ते बघून घ्या, मग ते बंद करून दुसरं घ्या. ताईंनी तसं केलं. घरात पाच माणसं: सासूबाई, नवरा-बायको, दहावीतला मुलगा आणि धाकटी. दुसऱ्या महिन्यात ओटीटी बदललं आणि सासूबाईंची रोजची मालिका मध्येच तुटली. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत, संध्याकाळी खोलीत जाऊन बसू लागल्या. ताईंचं म्हणणं असं की हा सल्ला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एकट्यादुकट्या पोरांसाठी आहे, नांदत्या घरासाठी नाही. मराठीबद्दल लेखात एक ओळ नाही. आणि वर्षाचा पॅक स्वस्त पडतो हे साधं गणित मी सांगितलंच नाही.

पहिल्या दोन गोष्टी पूर्ण मान्य. तिसरी अर्धी.

मी सगळ्या बघण्याला एकाच मापाने मोजलं, तिथे चुकलो. सिनेमा, वेब सिरीज ही सणाची खरेदी असते. आज नाही घेतली तर पुढच्या महिन्यात घेऊ. रोजची मालिका मात्र दुधाचा रतीब आहे. रतीब एक महिना चालू, एक महिना बंद असा कोणी लावत नाही. तेव्हा घरातल्या कुठल्या माणसाचा रतीब आहे, तो आधी लावायचा आणि मग उरलेल्या पैशात बाकीच्यांची खरेदी. लेखात हा क्रमच नव्हता.

हे मला कळायला हवं होतं, कारण आमच्या वर्तकनगरच्या घरात हे घडून गेलंय. इंटरनेट बदललं तेव्हा पॅकबरोबर तीन-चार ओटीटी फुकट आल्या. मी खूश. त्या टीव्हीवर चालतात का, हे विचारायचं राहिलं. त्या फक्त मोबाइलवर चालणाऱ्या होत्या. आईने तक्रार केली नाही. ओट्यावर पोह्यांच्या डब्याला फोन टेकवायची आणि कणीक मळता मळता मालिका बघायची. कुकरची वाफ काचेवर आली की पदराने पुसायची. मला वाटायचं, तिला असंच आवडतं. दिवाळीला बहीण आली आणि तिने विचारलं, ‘‘आई, टीव्हीवर का नाही गं बघत?’’ आई म्हणाली, ‘‘त्याच्यावर माझी लागत नाही.’’ चार महिने झाले होते आणि रोज जेवायला बसताना आमचा टीव्ही चालू असायचा.

म्हणून आता माझा पहिला प्रश्न बदललाय. कोणत्या ओटीटीवर किती सिनेमे आहेत, हे नंतर बघू. आधी हे बघायचं की कोण, किती वाजता, कोणत्या पडद्यासमोर बसतं. एक आठवडा फ्रिजवर कागद लावा आणि ज्याने जे पाहिलं ते त्याने लिहावं. आमच्याकडे त्या कागदावर एका ओटीटीचं नावच आलं नाही, आणि तिचे पैसे आम्ही दोन वर्षं भरत होतो.

आता मराठीकडे येतो. मराठी मालिका ‘मराठी’ म्हणून एका जागी मिळत नाहीत, त्या वाहिनीच्या मालकामागे जातात. झी मराठीचं सगळं झी फाइव्हवर. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी, दोन्ही जिओहॉटस्टारवर, कारण फेब्रुवारी २०२५मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले. सोनी मराठी सोनी लिव्हवर, सन मराठी सन नेक्स्टवर. म्हणजे सासूबाईंना एवढंच विचारायचं की तुमची मालिका कोणत्या वाहिनीवर लागते. दोन मालिका दोन वाहिन्यांवर असतील तर मात्र मी ओटीटी सुचवणारच नाही. सरळ केबल किंवा डिश चालू ठेवा आणि त्यात त्या दोन वाहिन्या घ्या. रिमोटवर नंबर दाबला की वाहिनी लागते. प्रोफाइल निवडा, पासवर्ड टाका, ओटीपी मुलाच्या फोनवर गेलाय आणि मुलगा क्लासला गेलाय, यातलं काहीच नाही. सत्तरीतल्या माणसाला स्वतःची मालिका स्वतःच्या हाताने लावता येणं ही मोठी गोष्ट आहे. ती चार पैसे वाचवायला घालवू नये, असं मला मनापासून वाटतं. सह्याद्री बघत असतील तर प्रसार भारतीचं वेव्हज हे ॲप २०२४च्या नोव्हेंबरपासून आहे, तेही बघा.

पडद्याचंही तसंच. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा प्लॅन स्वस्त दिसतो, पण तो फोन किंवा टॅबवरच चालतो आणि एका वेळी एकालाच. त्याच्या सर्वांत महाग प्लॅनमध्ये फोर-के, म्हणजे फुल एचडीहून बारीक चित्र मिळतं, पण ३२ इंची टीव्हीवर ते बहुधा दिसणारच नाही. इंटरनेटचा वेग म्हणाल तर फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरतात, फोर-केला १५ लागतात. एवढा वेग बहुतेक घरी असतो. चित्र अडकतं ते राउटर आतल्या खोलीत माळ्यावर ठेवल्यामुळे. तो हॉलमध्ये आणा.

दहावीच्या मुलाचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, मीही थोडक्यातच सांगतो. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार ओटीटीवरच्या प्रत्येक कार्यक्रमावर सर्वांसाठी, ७, १३, १६ की प्रौढ अशी वयाची खूण असते, आणि १३ व त्यापुढच्या खुणांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यावीच लागते. पिन टाका, आणि तो मुलाच्या जन्मतारखेचा नको.

राहिलं वर्षाच्या पॅकचं. रतीबासाठी तुमचं गणित बरोबर आहे. जी गोष्ट बारा महिने लागणार, तिचा वर्षाचाच पॅक घ्या. पण बाकीच्यांसाठी मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे, कारण वर्षभरात ते दुकानच बदलतं. तुमच्या घरी यजमान बघतात ते आयपीएलच घ्या. २०२२पर्यंत मोबाइलवर ते हॉटस्टारवर दिसायचं, २०२३ला जिओसिनेमावर गेलं आणि फुकट झालं, २०२५ला एकत्र झालेल्या जिओहॉटस्टारवर पैसे भरून बघायचं आलं. प्राइम व्हिडिओवर जून २०२५पासून जाहिराती आल्या. त्या नको असतील तर वर्षाला ६९९ रुपये वेगळे. ज्यांनी आधीच वर्षाचे पैसे भरले होते त्यांच्या हातात काही उरलं नाही. आयपीएल जेमतेम दोन महिने चालतं, त्याला तेवढ्याच मुदतीचा पॅक पुरे.

महिन्याचा पॅक घेताना एक करा. यूपीआयवर ऑटोपे लावलं असेल तर पैसे भरले त्याच दिवशी ते बंद करून टाका. महिना पूर्ण बघायला मिळतो, फक्त पुढच्या वेळी आपोआप कापले जात नाहीत. पैसे कापण्याआधी २४ तास मेसेज येतो, रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे, पण आपल्या फोनवर येणाऱ्या मेसेजच्या ढिगात तो कोण वाचतं?

तुमच्या घरापुरतं मी असं करीन: सासूबाईंच्या वाहिनीचं ओटीटी वर्षभरासाठी, तेही टीव्हीवर चालणाऱ्या प्लॅनचं. त्यांची वाहिनी प्रवाह किंवा कलर्स मराठी असेल तर यजमानांचं आयपीएलही त्यातच भागेल. तुम्हा दोघांसाठी महिन्याचं एखादं, ते मुलाची परीक्षा संपल्यावर, मेपासून.

मागच्या लेखात वरच दुरुस्ती टाकली आहे, तुमच्या प्रतिक्रियेमुळे केली असंही लिहिलंय. सासूबाईंची मालिका कोणत्या वाहिनीवर आहे ते तेवढं कळवा. आणि मधले चुकलेले भाग त्यांना आधी दाखवा, ते ओटीटीवर मागे जाऊन सापडतील.