बय संत नव्हती, मान्य

'बय' या माझ्या आजीवरच्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबणार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: आजीला मी देव्हाऱ्यात बसवलं. 'सेवा' म्हणून जे मिरवलं ते खरं तर चर्चने आणि घराने तिच्याकडून फुकट करून घेतलेलं काम. आणि पोर्तुगिजांनी लादलेला, न कळणाऱ्या लॅटिनमधला धर्म ती पाद्रींच्या धाकाने पाळत राहिली.

शेवटचा आक्षेप आधी घेते. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेतली आणि पोर्तुगीज गेले. बय जन्मली त्यानंतर पावणेदोनशेहून जास्त वर्षांनी. एवढा काळ कोणाचा धाक पुरतो? लॅटिनचं मात्र खरं आहे. कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद (1962-65) होईपर्यंत मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य प्रार्थना, लॅटिनमध्येच होई आणि बयला त्यातलं अक्षर कळत नसे. जपमाळ मात्र घरच्या ओट्यावर, रोज संध्याकाळी, मराठीत. पुढे मिस्साही मराठीत सुरू झाली. गाव खूश, बय नाराज. म्हणाली, "आता फादर कुठे चुकतात तेही कळतं." (म्हणाली अर्थातच आमच्या कादोडी बोलीत. तशीच लिहिली तर वसईबाहेरचे वाचक मलाच प्रतिक्रिया लिहितील.)

आता सेवा. वसईतल्या नंदाखालला आमची वाडी होती, केळीची आणि फुलांची. बय लाल लुगडं नेसून, डोक्यावर फुलांचा हारा घेऊन विरारहून पहाटेच्या लोकलने दादरला जायची. पैसे कनवटीला. आजोबांनी ते कधी मोजले नाहीत, कारण त्यांना मोजायला मिळालेच नाहीत. तिला लिहिता येत नव्हतं. उधारी भिंतीवर कोळशाच्या रेघांनी मांडलेली असे, आणि दिवाळी-नाताळाला चुना काढायचा तर आधी तिची परवानगी लागायची. माझ्या आईची आणि मावशीची फी त्याच रेघांतून गेली. देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, सणाला ती फुलं फुकट द्यायची, पण दोऱ्याचे पैसे घ्यायची. "फुलं देवाची, दोरा दुकानातला." फुकट राबणारी बाई असा हिशेब करते का, तुम्हीच सांगा.

एक काम ती खरोखर फुकट करायची. गावात कोणी बाई गेली की तिला आंघोळ घालून, केस विंचरून, नेसवून तयार करायला बयला बोलावणं यायचं. रात्री दोन वाजतासुद्धा. कोणी सांगितलं म्हणून नव्हे. तिची स्वतःची आई गेली तेव्हा घरात मोठं कोणी बाईमाणूस नव्हतं, आणि ते तिने बारा वर्षांची असताना एकटीने केलं होतं. एवढंच तिने एकदा सांगितलं, आणि लगेच मला पाण्याला पाठवलं.

तर धाकाची गोष्ट मला पटत नाही. पण देव्हाऱ्यात बसवल्याची पटते, आणि तुम्हाला ठाऊक आहे त्यापेक्षा जास्त पटते. लेखात मी मावशीच्या लग्नाचा उल्लेख टाळला. मावशीने 1978 मध्ये तिच्या ऑफिसातल्या एका हिंदू मुलाशी लग्न केलं. चर्चची रीतसर परवानगी घेऊन असं लग्न लागू शकतं, हे फादरांनी घरी येऊन बयला दोनदा समजावलं. फादर हो म्हणाले, बय नाही म्हणाली. लग्नाला गेली नाही. पुढची अकरा वर्षं मावशीचं नावसुद्धा तिने घरात उच्चारलं नाही. मूल झालं तेव्हा डिंकाचे लाडू पाठवले, तेही शेजारणीच्या हाती, निरोप न देता.

म्हणजे तुमचा अंदाज उलटा आहे. पाद्रींचं ऐकलं असतं तर ती मावशीच्या लग्नाला गेली असती. मेलेल्या बायकांचे केस विंचरणारा हात तिचा होता, तसाच हा हट्टही तिचाच. दोन्हींचं खापर किंवा श्रेय चर्चवर टाकलं की बय त्यातून निसटते. मी केलं ते याहून वाईट, अर्धी बय लिहिली.

तुमची प्रतिक्रिया मी मावशीला फोनवर वाचून दाखवली. ती आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लुगड्याचा रंग बरोबर लिहिलायस." लाडवांबद्दल विचारलं तर म्हणाली, फेकायचे ठरवले होते, पण मध्यरात्री उठून तिने एकटीनेच सगळे संपवले. माफ केलंस का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

हे सगळं लिहायला तिने हो म्हटलंय. मूळ लेखातलं 'सगळ्यांना सामावून घेणारी' हे वाक्य मी काल काढून टाकलं. त्या जागी काय लिहावं ते अजून सुचलेलं नाही.